च्या जागी

टेम्पोनं रिव्हर्स घेतला तेव्हा पहाटेचे चार चाळीस.
रे रोडला, भंगारवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी,
महापालिकेच्या बारा इंची लाइनवरचा व्हॉल्व्ह
मुळासकट कलला
आणि पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीत गेलं.

हे मी पाहिलेलं नाही. माझ्याकडे फाइल आली.
फाइलीत पाणी कोरडं असतं:
व्हॉल्व्ह एक, चेंबरचं झाकण एक,
खोदाई, मजुरी, रस्ता पूर्ववत करणे,
वाया गेलेलं पाणी अंदाजे नव्वद हजार लिटर.

'वाया' हा शब्द ज्युनिअर इंजिनिअरचा.
फोटोत मात्र, पुरावा क्रमांक सहा,
निळी पिंपं दिसतात, तेलाचे डबे, एक प्रेशर कुकर,
आणि अंगभर साबण लावलेलं एक पोर
डोळे मिटून उभं,
कसलीच घाई नसल्यासारखं.

सर्व्हेअर फुर्तादोंनी विचारलं,
लोकांनी भरून नेलेलं पाणी नुकसान कसं?
मी म्हटलं, मग त्याचं बिल कुणाच्या नावे फाडू?
ते हसले. घसारा सत्तर टक्के लावला,
व्हॉल्व्ह अठ्ठ्याऐंशी सालचा.
भंगाराची किंमत वजा.
उरलं ते विमा कंपनीनं दिलं
आणि सोबत सहीला एक कागद धाडला:
प्रत्यासन पत्र.

म्हणजे काय हो, साहेबांना विचारलं.
सोपं आहे गं शिवलकर, म्हणाले,
पैसे त्यांनी भरले, तर आपल्या जागी आता ते उभे.
टेम्पोवाल्याकडून वसूल करायचा हक्क त्यांचा.
आपण बाजूला.

जागी.
अकरा वर्षांपूर्वी ह्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
मी एका कागदावर सही केली होती.
कै. गणू शिवलकर, चावीवाला, जलखाते, यांच्या जागी,
अनुकंपा तत्त्वावर.
त्यांची खांद्याएवढी लोखंडी चावी
स्टोअरला जमा केली, पावती घेतली.
घसारा कुणी काढला नाही.

हा व्हॉल्व्ह त्यांच्याच बीटात.
साडेअठरा आटे, ते सांगायचे,
आणि शेवटचा अर्धा हलक्या हातानं,
नाहीतर लाइन रुसते.

गुरुवारी मुबारक तांबोळी आला. ड्रायव्हर.
टेबलावर पाकीट ठेवलं, वर बोट ठेवून बसला.
सात हजार आहेत मॅडम,
बाकीचे महिन्याला दोन-दोन.
मालकानं पॉलिसी भरलीच नव्हती, मला काय माहीत,
नोटीस माझ्यापण नावानं आलीय.

पाकीट मी परत सरकवलं.
घेणं आता आमच्या हातात नाही, म्हटलं.
तो रडला नाही, हात जोडले नाहीत.
चौकशीच्या खिडकीवर विचारतात तसं विचारलं,
मग माफ कोण करतं?

मी कागद काढला. कलम चार.
सदर दाव्यात तडजोड, सूट अथवा माफी
विमेदारानं परस्पर द्यायची नाही.
म्हणजे तीही लिहून दिली होती आम्ही,
जी कधी कुणाला दिली नव्हती.
खाली सही साहेबांकरिता, माझी.

त्याला कंपनीचा पत्ता लिहून दिला,
फोर्ट, चौथा मजला, लिफ्ट बंद असते.
मराठीत लिहा, म्हणाला. मराठीतच होता.
माझं अक्षर वाईट आहे.

घरी जाताना उगाच रे रोडला उतरले.
नवा व्हॉल्व्ह, निळा, अजून चिखल न लागलेला.
कंत्राटावरचा पोरगा पाणी बंद करत होता,
कानात वायर, गाणं चालू.
मी आटे मोजले. नव्याचे चौदाच.
शेवटचा अर्धा हळू, मी म्हटलं.

त्यानं एका कानातली वायर काढली.
तुम्ही कोण?

ऑफिसातली, म्हटलं.

त्यानं झटक्यात आवळला.